भाकरी एक, चतकोर चार

जालना म्हटलं की पुण्याची माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे संभाजीनगरकडेच ना?" आणि दुसरा, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" पहिल्याचं उत्तर देण्यात माझी उभी हयात गेली. शाळेत मराठी शिकवायची सवय असल्यामुळे मी दर वेळी नीट समजावून सांगते, की जालना हा वेगळा जिल्हा आहे आणि आमचं आम्हाला बरं चाललं आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते या जानेवारीत मिळालं. आपलाच जिल्हा मी व्याह्यांना दाखवायला निघाले आणि त्यांच्यासोबत पहिल्यांदाच पाहून आले.

भोकरदन

माझी लेक वर्षा लग्न होऊन वेल्समध्ये राहते. तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिचे सासरे इद्रिस आमच्या पंधरा वर्षांच्या नातीला, नीयाला, घेऊन आमच्याकडे भोकरदनला आले. त्यांच्या पत्नी विमानाला घाबरतात, त्यामुळे त्या तिकडेच राहिल्या. इद्रिसराव गुरांचे निवृत्त डॉक्टर. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. लेकीने पढवून पाठवलं होतं, त्यामुळे उंबऱ्यात पाऊल ठेवताच त्यांनी हात जोडून "नमस्कार, विहीणबाई" म्हटलं आणि मी सपशेल हरले.

नावावरून गल्लीत लगेच चर्चा सुरू झाली. शेजारच्या कमलबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "व्याही मुसलमान हेत का हो काकू?"

"नाही गं. ख्रिश्चन."

"मंग इद्रिस कसं?"

मी सांगितलं, की वेल्समध्ये हे जुनं नाव आहे, या नावाचा तिथे डोंगरसुद्धा आहे. कमलबाईंना ते बिलकुल पटलं नाही. त्यात नीया आजोबांना 'ताइद' म्हणते. त्यांच्या भाषेत आजोबाला तसंच म्हणतात. कमलबाईंनी ते 'ताई' ऐकलं आणि दोन दिवस सगळ्या गल्लीला सांगितलं, की विलायतेत आजोबाला ताई म्हणायची रीत आहे.

आठवडी बाजारात इद्रिसराव शेळ्यांत रमले. एका म्हातारीच्या शेळीचं तोंड उघडून त्यांनी दात पाहिले, पोट चाचपलं आणि दोन बोटं वर केली. जुळी होणार! म्हातारी खूश झाली. गर्दी जमली आणि कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "इंग्रज डॉक्टर आल्ता म्हना!"

'इंग्रज' हा शब्द त्यांना कळत होता. ते वळले आणि शांतपणे म्हणाले, "नॉट इंग्लिश. वेल्श."

नीयाने जांभई देत भाषांतर केलं, "इंग्रज न्हाई हो, वेल्सचे हेत." तिची मराठी आईकडून आलेली, म्हणजे अस्सल आमच्याकडची. तो गोरा चेहरा आणि ते 'न्हाई', दोन्ही एकत्र ऐकून बाजार खुळावला होता.

"वेल्स म्हंजे इंग्लंडमधलंच ना?" एकाने विचारलं. नीयाने खांदे उडवले. इद्रिसरावांनी तिच्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत.

ते का बोलले नाहीत, हे मला ठाऊक होतं. नीया फुटबॉल खेळते, आणि साधंसुधं नाही. इंग्लंड आणि वेल्स या दोन्हीकडच्या मुलींच्या संघांनी तिला बोलावलं होतं. भारतातून परत गेल्यावर कोणाकडून खेळणार हे तिला सांगायचं होतं. लेकीने फोनवर मला बजावलं होतं, "आई, तिला काही विचारू नको. घरात त्यावरून सगळ्यांचा घास अडकून राह्यला."

पण एका देशाचे दोन संघ कसे, हे मला कळेना. जेवताना मी तसं विचारलंच. ताटात ज्वारीची गरम भाकरी होती, शेजारी पिठलं, लसणाचा ठेचा. मी भाकरीचे चार चतकोर केले आणि नीयाला म्हटलं, "सांग बाई, कसं ते."

उत्तर इद्रिसरावांनी दिलं, सोप्या इंग्रजीत, आणि अडलं तिथे नीयाने मराठी केलं. एक चतकोर इंग्लंड, एक स्कॉटलंड, एक वेल्स, एक उत्तर आयर्लंड. मग त्यांनी वेल्सचा चतकोर आणखी थोडा मोडला आणि मोडलेला तुकडा इंग्लंडला जोडला. म्हणाले, "आता बरोबर झालं. ते फार मोठे, आम्ही लहान." प्रत्येकाची फुटबॉलची संघटना वेगळी, स्पर्धा वेगळ्या, संघ वेगळा, सामन्याआधी म्हणायचं गाणंही वेगळं. वेल्सचे काही क्लब मात्र इंग्लंडच्या साखळीत खेळतात, कारण पूर्वी तिकडे आगगाडीने जाणं सोपं होतं. देश म्हणून खेळताना पुन्हा चौघे चार दिशांना.

"मग अख्खी भाकरी कुठे असते?" मी विचारलं.

"पासपोर्टवर," इद्रिसराव म्हणाले.

आमचे हे गुडघ्यांमुळे प्रवासाला येणार नव्हते, पण कॉटवरून कान इकडेच होते. त्यांनी विचारलं, जगाने हे खपवून कसं घेतलं? इद्रिसराव म्हणाले, हा खेळ आम्ही चौघं आपसात खेळत होतो तेव्हा जगाची संघटना जन्मालाही आली नव्हती. ती आली तेव्हा आमचे चार पाट मांडलेले होते. उठवणार कोण? खेळाचे नियम बदलायचे झाले तर आजही या चौघांना एकेक मत, आणि उरलेल्या सगळ्या जगाला मिळून चार.

हे खो खो हसले. "म्हंजे पाटलाच्या चार पोरांची चार मतं अन् सगळ्या गावाची मिळून चार. बराबर हे!"

"पण क्रिकेटला तर नुसतं इंग्लंडच म्हणतात की," मी म्हटलं.

"क्रिकेटला आम्ही त्यांच्याच ताटात जेवतो," इद्रिसराव म्हणाले. "ऑलिम्पिकला चौघांनी एका ताटात बसायचं, त्यात फुटबॉल आला की भांडण." मग त्यांनी वेल्सचा तो लहानसा तुकडा ठेच्याला लावला, तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. नीया म्हणाली, "ताइद, त्यासाठी रडू नका." सगळे हसलो. ती मात्र भाकरी अर्धी ठेवून हात धुवायला उठून गेली.

शहागड

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून आम्ही दक्षिणेकडे निघालो. जालना मागे पडलं, मोसंबीच्या बागा लागल्या, अंबडच्या पुढे ऊस दिसायला लागला. इद्रिसरावांनी तीनदा गाडी थांबवली, तिन्ही वेळा मेंढरांसाठी. एका धनगराने त्यांच्या खांद्यावर कोकरू दिलं. दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं, तरी अर्धा तास बोलले. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून ते पाहत राहिले. माझ्या जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, असं आता कोणी विचारलं तर हे सांगीन.

शहागडला गोदावरी आहे. अलीकडे जालना जिल्हा, पूल ओलांडला की बीड. हमरस्त्यावर ट्रकांची रांग आणि रांगेला जेवू घालणारे ढाबे. एका ढाब्यावर चहाला उतरलो. मी सहज "इद्रिसराव, साखर?" म्हटलं आणि गल्ल्यावरचा दाढीवाला मालक ताडकन उठून आला.

"किसने आवाज दिया? मैं इद्रिस!"

मी ओळख करून दिली. मालकांनी व्याह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग कडकडून मिठी मारली. "मेरा हमनाम! विलायत से! बैठो बैठो, आज खाना अपनी तरफ से. क्या बोलते, अंग्रेज हो?"

आणि इथे मी एक गोष्ट पाहिली. इद्रिसरावांनी तोंड उघडायच्या आत नीया म्हणाली, "न्हाई चाचा. अंग्रेज न्हाई. वेल्स. अलग हे ते." कालची जांभई आता नव्हती. आवाजात थोडा चिडका काठ होता, माझ्याही आवाजात पुणेकरांशी बोलताना असतो तसा.

जेवण होईपर्यंत नीया मोकळ्या जागेत ट्रकवाल्यांना चेंडू खेळवून दाखवत होती. पायावर, गुडघ्यावर, डोक्यावर, पुन्हा पायावर. टाळ्या पडायला लागल्या तशी ती भरीस पडली. शेवटचा फटका जरा जास्त बसला. चेंडू उडाला तो थेट रस्त्यावरून निघालेल्या कापसाच्या ट्रकमध्ये पडला. ट्रकवाल्याला पत्ताही नाही. आमच्या डोळ्यांदेखत चेंडू पूल ओलांडून बीड जिल्ह्यात गेला.

नीया कपाळाला हात लावून उभी राहिली. ढाब्याच्या इद्रिसभाईंनी लगेच पुढच्या ढाब्यावर फोन लावला, "कपास की गाडी रोको, उसमें बच्ची का बॉल है. जल्दी!" सगळा ढाबा पुलाकडे डोळे लावून बसला. नीयाही इतरांबरोबर पुलापर्यंत गेली.

टेबलाशी मी आणि व्याही दोघंच उरलो. त्यांनी पाण्याचा पेला सरकवला आणि हळूच विचारलं, "विहीणबाई, तुमच्या लिपीत वेल्स कसं लिहितात? रोज कोणीतरी मला काहीतरी छापलेलं दाखवतं. निदान आमचं नाव ओळखता यावं."

शिकवायचं म्हटलं की मला हुरूप येतो. पाण्यात बोट बुडवून मी टेबलावर लिहिलं, वेल्स. शेजारी लिहिलं, इंग्लंड. सोपी खूण सांगितली, "डोक्यावर दोन टिंबं दिसली की इंग्लंड. वेल्सवर टिंब नाही, एक तिरकी रेघ फक्त." त्यांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखं दोनदा गिरवलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्ही तिला सांगत का नाही, वेल्सकडून खेळ म्हणून?"

ते टेबलावरचं पाणी वाळताना पाहत होते. म्हणाले, "सांगितलं की ती माझ्यासाठी खेळेल. मला ते नको. माझ्या वडिलांनी मला पहिल्या सामन्याला नेलं तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर बसलो होतो. आम्ही हरलो, बहुतेक हरतोच. पण गाणं सुरू झालं आणि खाली वडील थरथरत होते, ते माझ्या मांड्यांना कळत होतं. तिला ते आतून वाटलं तरच खरं. नाही वाटलं, तर इंग्लंडमध्ये तिचं जास्त भलं होईल." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला.

मी उठून पुलाकडे गेले. नीया कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होती. लेकीने विचारू नको म्हटलं होतं. मी विचारलं नाही, नुसती शेजारी उभी राहिले. तीच बोलली.

"आजी, आमच्याकडं पण अशीच नदी हे. घर अलीकडं, वेल्समधी. मोठा दवाखाना पलीकडं, इंग्लंडमधी. मी तिकडं जन्मले, दोन दिवसांनी घरी आले. त्या दोन दिवसांमुळं मी इंग्लंडची पण होते."

"आणि वेल्सची कशामुळे?"

"बाबा, ताइद, शाळा. नियमात आई-बाबाचा जन्म चालतो, आजी-आजोबाचा पण चालतो." तिने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "इंग्लंडकडं मैदानं मोठी, शिकवणारे जास्ती. नंतर बदलता येतं म्हणतात, पण एकदा गेले की मी बदलन का? आन् ताइद काहीच बोलत न्हाई. त्याचीच भीती वाटून राह्यली मला. रागावले असते तर बरं झालं असतं."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. सल्ला द्यायची खोड जिभेवर आली होती, ती गिळली. त्याऐवजी माझी गोष्ट सांगितली. मी मंठ्याजवळच्या खेड्यात जन्मले तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. मग जालना जिल्हा नवा झाला. गाव तिथेच, घर तिथेच, मी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात.

"मंग तू कुठली?" तिने विचारलं.

"लोकांनी चुकीचं म्हटलं की मी जिथल्यासाठी भांडते, तिथली."

तेवढ्यात पलीकडून विटांचा ट्रक हॉर्न वाजवत आला. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन चेंडू नाचवत होता. सगळ्या ढाब्याने विजयी ओरडा केला. चेंडू बीडहून परत आला होता.

मंठा

मंठ्यात माझा धाकटा भाऊ बाबूराव राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेतावर हुरडा ठेवला होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं भाजून हातावर चोळायची, गरम दाणे गूळ-शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. इद्रिसरावांनी पहिली मूठ खाल्ली आणि लगेच दुसरीसाठी हात पुढे केला. आमच्याकडे बार्ली होते, पण हे असं कोणी करत नाही, म्हणाले. मी त्यांना म्हटलं, करायला लागा, आम्ही येतो खायला.

पण हुरड्याच्या आधीची हकिगत सांगायची आहे, कारण सगळा प्रवास त्या एका क्षणाशी येऊन थांबला होता.

गाडी शेताच्या फाट्यावर वळली आणि मी ती थांबवायला सांगितली. दोन बांबूंना बांधलेला भला थोरला फ्लेक्स. मधोमध नीयाचा लाल जर्सीतला फोटो, वर्षाने कधीतरी पाठवलेला. खाली भावाचं, भावजयीचं आणि भावाच्या दोन मित्रांचं हात जोडलेलं चित्र. आणि वर ठळक अक्षरांत: "इंग्लंडच्या फुटबॉलपटू कु. नीया हिचे हार्दिक स्वागत."

आमच्या माणसांचं प्रेम असं असतं, हातभर लांब आणि दूरवरून दिसणारं. फोटोतली लाल जर्सी वेल्सची, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी आधी उतरून भावाला गाठलं. "अरे, इंग्लंड कशाला लिहिलंस?"

"मंग काय लिहू, अक्का?" तो गोंधळला. "इंग्लंड म्हटलं का सगळ्याला कळतं. वेल्स कोणाला माहीत हे?"

तो चुकीचं बोलला नव्हता, तेच वाईट. खरं होतं ते.

तोवर दोघंही गाडीतून उतरून फ्लेक्ससमोर उभे होते. वाऱ्याने फ्लेक्स फुगत होता. इद्रिसराव नातीच्या फोटोकडे कौतुकाने पाहत होते. मग त्यांची नजर वर गेली, मोठ्या अक्षरांवर. तिथे ती थोडी जास्त थांबली, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

प्रश्न मला होता. मी मराठीची शिक्षिका, जन्मभर वाचून दाखवणं हाच धंदा, आणि त्या क्षणी मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. नीया पुढे झाली. वर्षाने तिला बाराखडीपासून शिकवलं आहे. तिला वाचता येतं, हे मला पक्कं माहीत. तिने बोट उचललं, पहिल्या शब्दाखाली धरलं आणि एकेक शब्दावरून सरकवत आजोबांना इंग्रजीत सावकाश वाचून दाखवलं.

"वेल्सच्या फुटबॉलपटू नीया हिचं मनापासून स्वागत."

भाऊ तोंड उघडणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला. इद्रिसरावांनी मान हलवली, "फार छान," म्हणाले आणि बाबूरावाचा हात दोन्ही हातांत धरून किती तरी वेळ सोडला नाही. भावाला काहीच उलगडलं नाही, पण पाहुणा खूश म्हणून तोही खूश.

हुरडा झाल्यावर विहिरीशी हात धुताना मी नीयाला गाठलं. "काय गं, खोटं वाचलंस?"

"खोटं न्हाई, आजी." ती ओले हात झटकत म्हणाली. "त्यांनी चुकीचं लिहिलंय. मी बराबर वाचलं." आणि मग, अगदी सहज, "घरी गेल्यावर तेच सांगणार हे मी. ताइदला आत्ता सांगू नको. मलाच सांगायचंय, मैदानावर नेऊन."

मी तिचा ओला हात पदराने पुसत राहिले, कोरडा झाला तरी पुसत राहिले.

दुपारी निघालो. भावाने फ्लेक्स उतरवून घडी घातली. कडब्याच्या गंजीवर टाकायला कामी येईल, म्हणाला. आमच्याकडे स्वागत असं वाया जात नाही. गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. नीया मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून, चेंडू पोटाशी धरून झोपली.

पुढे बसलेले इद्रिसराव बराच वेळ बाहेर पाहत होते. मग मागे वळले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. दोन बोटं वर केली, शेळीच्या वेळी केली होती तशीच.

"दोन टिंबं, विहीणबाई," ते कुजबुजले.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी झोपलेल्या नातीकडे पाहिलं.

"तिला सांगू नका हं, मला वाचता येतं म्हणून."